आज्ञा निघाली होती

रविवारी सकाळी मिरजेतल्या शाळेच्या मैदानावर प्रौढांचा खो-खो रंगात आला होता. तन्मय शिंगटे आपल्या चौकोनात दबा धरून बसला होता, बोटं मातीत टेकलेली, टाचा उचललेल्या. मागून रणजित माने धावत आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून ओरडला, "खो!"

तन्मयचं अंग पुढे झेपावलं. खांदे गेले, मान गेली, हात गेले. पाय मात्र जागचे हलले नाहीत. तो तोंडावर आपटला आणि मैदानाची माती त्याच्या दातांत गेली.

पळणारे गडी थांबले. रणजितने हात पुढे केला, पण तो न धरताच तन्मय उठला. पाय आता अगदी नीट चालत होते.

"काही नाही रे. चला, पुढचा डाव," तो म्हणाला.

पण डाव पुढे गेला नाही. कुणाला बाजारात जायचं आठवलं, कुणाचा गुडघा अचानक दुखायला लागला. तन्मयच्या समोर कुणी काही बोललं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन उभ्या असलेल्या केतकीला, त्याच्या बायकोला, ते दिसत होतं.

तन्मय एकेकाळी जिल्ह्याच्या संघातला नावाजलेला खेळाडू. एका संध्याकाळी तासगाव रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली आणि पाठीच्या मध्यावर त्याचा मज्जारज्जू तुटला. दोन वर्षं त्याने चाकाच्या खुर्चीत काढली. मग मज्जासेतू आला.

मज्जासेतूची कल्पना समजायला अवघड नाही. मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या आज्ञा तुटलेल्या जागेपर्यंत येतात आणि तिथेच अडकतात. सेतूचा वरचा भाग त्या आज्ञा टिपतो, कमरेच्या वर कातडीखाली बसवलेला काड्यापेटीएवढा संगणक त्यांचा अर्थ लावतो आणि सेतूचा खालचा भाग त्या अर्थाप्रमाणे पायांच्या नसांना विजेची सूक्ष्म स्पंदनं देतो. माणूस मनात आणतो आणि पाय उचलला जातो. वाट फक्त खाली जाणारी; पायांकडून वर काही येत नाही. तरीही तन्मय पहिल्यांदा उभा राहिला त्या दिवशी केतकीने बँकेच्या संगणकांवरची आपली नोकरी सोडायचं ठरवलं आणि सेतू बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत अर्ज केला. संगणकाच्या अगदी आतल्या गाभ्याचं, कर्नेलचं काम तिला येत होतं. आता ती मिरजेतल्या घरूनच ते काम करत होती.

पाय असे थिजण्याची ती पहिली वेळ नव्हती. त्या रविवारनंतर तन्मय कंपनीच्या डॉ. वैशंपायनांना पुन्हा एकदा भेटला. डॉक्टर मनाने चांगले होते, अभ्यासू होते. त्यांनी सेतूने स्वतः ठेवलेल्या नोंदी पडद्यावर लावल्या.

"हे बघा, शिंगटे. तुम्ही थिजलात त्या प्रत्येक वेळी नोंद एकच आहे. आज्ञा: शून्य. म्हणजे वरून काही आलंच नाही. सेतू बरोबर वागला. मनाने ऐन वेळी माघार घेतली. मोठ्या अपघातानंतर असं होतं. आम्ही याला भयस्तंभ म्हणतो."

"पण मला उठायचं होतं, डॉक्टर."

"तुम्हाला तसं वाटतं. भीती माणसाला सांगून येत नाही."

गोळ्या सुरू झाल्या. समुपदेशन सुरू झालं. तन्मयने मैदानावर जाणं बंद केलं. जिना उतरताना तो कठड्याला धरू लागला, घरात कुणी हाक मारली की उठायच्या आधी क्षणभर थांबू लागला. पूर्वी दार वाजलं की तोच आधी धावायचा.

त्याच सुमारास नांदेडच्या निवृत्त शिक्षिका प्रमिला कांबळे आपल्याच घराच्या जिन्यावरून कोसळल्या. त्यांच्याही पाठीत सेतू होता. खुब्याचं हाड मोडलं. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि उपकरण सुरक्षा मंडळाने कंपनीला नोटीस काढली: कारण दाखवा, नाहीतर सगळे सेतू बंद करा.

कर्नेल विभागाचे प्रमुख फिरोज मुजावर यांनी केतकीला व्हिडिओ कॉल लावला. नेहमी चहाचा कप हातात घेऊन बोलणारे मुजावर सर आज नुसतेच बसले होते.

"व्यवस्थापन म्हणतंय, भयस्तंभ हेच कारण द्यायचं. पण मंडळ ते मानणार नाही. ते म्हणतील, भीतीने माणूस पडतो तर अशा माणसाला चालायला लावताच कशाला? हजारो लोक परत खुर्चीत जातील, केतकी. तुझा तन्मयसुद्धा."

"सर, तुम्हाला काय वाटतं? दोष कर्नेलमध्ये असेल?"

"मला वाटून काय उपयोग? प्रयोगशाळेत कृत्रिम पाय लावून आठवडाभर उठाबशा काढल्या. एकदाही थिजले नाहीत. आणि माग काढायचं जुनं साधन खऱ्या माणसाच्या सेतूत चालू केलं की थिजणं गायबच होतं. बघायला गेलं की नाही, पाठ फिरवली की आहे."

केतकी त्या वाक्यावर बराच वेळ अडून राहिली. बघायला गेलं की नाही. म्हणजे बघण्यामुळेच काहीतरी बदलत होतं.

संगणकावर चालणारी सगळी कामं कर्नेलच्या परवानगीने चालतात. प्रोसेसर कुणाला द्यायचा, कुणाला थांबवायचं, स्मृतीचा कुठला कप्पा कुणी उघडायचा, हे सगळं तो ठरवतो. तो स्वतः हजारो लहान लहान फंक्शनांचा, म्हणजे ठरलेलं एकेक काम करणाऱ्या सूचनांच्या तुकड्यांचा, बनलेला असतो. एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं तिसऱ्याला, आणि हे सगळं सेकंदाच्या लाखाव्या भागात घडून जातं. बाहेरून काही दिसत नाही. पण कर्नेल बांधणाऱ्यांनी एक सोय ठेवलेली असते. प्रत्येक फंक्शनच्या उंबरठ्यावर काहीच न करणारी एक इवलीशी मोकळी जागा सोडलेली असते. एरवी तिचा काही भार नसतो. हवं तेव्हा, यंत्र चालू असतानाच, त्या मोकळ्या जागेत एक वळण लिहिता येतं: आधी इकडे ये, तू कोण, किती वाजता आलास ते सांग, मग तुझ्या कामाला जा. काम झालं की वळण पुसून टाकायचं.

अडचण अशी, की सांगायलाही वेळ लागतो. जुनं साधन सगळ्याच उंबरठ्यांवर वळणं लिहायचं आणि सगळा तपशील जमा करायचं. त्या ओझ्याने सेतूतली कामं किंचित मंदावायची. दोन कामांची जी टक्कर ऐन मोक्याच्या क्षणी होत असेल, ती टळायची.

केतकीने नवं साधन लिहायला घेतलं आणि त्याला 'मागोवा' नाव दिलं. ते मोजक्याच उंबरठ्यांवर वळणं लिहायचं, तीही फक्त गरजेच्या क्षणापुरती. टिपलेलं सगळं ते एका गोल फिरणाऱ्या स्मृतीत टाकायचं, जिथे नवं येताना जुनं आपोआप पुसलं जातं. कर्नेलच्या दारात पहारेकऱ्यासारखी एक तपासणी असते. आत येणारा प्रत्येक लहान प्रोग्राम नक्की संपणार ना, भलत्या कप्प्याला हात लावणार नाही ना, हे सिद्ध झाल्याशिवाय ती कुणाला आत सोडत नाही. जिवंत माणसाच्या पाठीत काही सोडायचं तर तो पहारा हवाच होता. मागोवा त्या दारातून पंधरा वेळा परत आला. सोळाव्या खेपेला आत गेला.

तन्मयने चाचणीला होकार दिला. एका दुपारी घराच्या अंगणात तो वीसेक वेळा बसला, उठला आणि एकदा थिजला. मागोव्याने तो क्षण पकडला. केतकीने आनंदाने टाळी वाजवली, पण टिपण उघडल्यावर तिचा चेहरा उतरला.

पाऊल टाकणारं काम त्या क्षणी थांबून राहिलं होतं, एवढं दिसत होतं. आज्ञा वाचणारं फंक्शन चाललं होतं, हेही दिसत होतं. पण त्याच्या हाती काय लागलं होतं? शून्य असेल तर डॉक्टर बरोबर: आज्ञाच नव्हती, काम थांबणारच. शून्य नसेल तर आज्ञा आली होती आणि यंत्राने ती अडवली होती. कोण कुणाकडे गेलं एवढंच या टिपणात होतं. त्याच्या हातात काय होतं ते बघायचं तर फंक्शनमधला डेटा वाचायला हवा होता. आणि तो डेटा म्हणजे तन्मयच्या मेंदूतून निघालेला संदेश. शरीरातल्या डेटाचा मालक ते शरीर, असा कायदाच होता. त्याच्या अंगठ्याच्या ठशाशिवाय तो कुणालाही उघडता येत नव्हता.

तन्मय स्वयंपाकघरात भेंडी चिरत होता. केतकीने त्याला सगळं समजावून सांगितलं.

"नाही," तो म्हणाला.

"अरे, ऐकून तरी घे."

"ऐकलं की. कोणतं फंक्शन चाललं, किती वेळ चाललं, हवं तितकं बघ. ते यंत्राचं. आत काय होतं ते माझं."

"ते तुझंच राहील. मी कुणाला..."

"मला तुझी भीती नाही वाटत, केतकी." त्याने सुरी खाली ठेवली. "समज, तू उघडलंस आणि तिथे शून्य निघालं. यंत्रात खोट सापडली तर तू दुरुस्त करशील. माझ्यात सापडली तर काय करशील?"

केतकीने चिरलेली भेंडी उगाच ताटात सारखी केली.

"तुला काय वाटतं? अगदी खरं सांग. मी घाबरतो?"

तिला चटकन "नाही" म्हणायचं होतं. पण गेले काही महिने नोंदीतलं ते शून्य तिनेही पाहिलं होतं, आणि तिचा विश्वास आकड्यांवर होता. ती एक क्षण थांबली. तेवढा क्षण तन्मयला पुरला. त्याने सुरी उचलली आणि भेंडी चिरायला घेतली.

पुढचे काही दिवस दोघं एकमेकांशी गरजेपुरतं बोलत होते. चहा झाला का, गॅस बंद कर, एवढंच. मंडळाची तारीख जवळ येत होती. केतकी पुन्हा पुन्हा तीच अर्धवट टिपणं वाचत होती आणि त्यांतून नवं काही निघत नव्हतं.

सेतू असलेल्या लोकांचा फोनवर एक गट होता, 'सेतुकरी' नावाचा. त्यातून तन्मयचा नंबर शोधून एका सकाळी प्रमिला कांबळेंनी फोन केला. आवाज खणखणीत होता, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"शिंगटे बोलताय ना? तुम्हीपण थिजता म्हणे. मला सांगा, तुम्ही घाबरता का हो?"

"डॉक्टर म्हणतात तसं."

"डॉक्टरांचं राहू द्या. मी जिन्यात भाजीची पिशवी ठेवून जरा टेकले होते. फोन वाजला म्हणून उठले. लेकीचा फोन येणार होता, नातवाचा निकाल होता. मी आनंदात होते, शिंगटे. घाबरायला वेळ कुठे होता मला? पण हे सांगते तर सगळे मान हलवतात आणि म्हणतात, मॅडम, तुम्हाला कळलं नसेल. माझ्या मनातलं मला कळलं नाही, आणि यांना कळलं!"

तन्मय ऐकत राहिला. त्या बाई घाबरल्या नव्हत्या, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांचं बोलणं संपता संपता त्याच्या लक्षात आलं, की इतका विश्वास आपण स्वतःवर कधीच ठेवला नव्हता.

तो केतकीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"लाव तुझं ते. अंगठा देतो. अंगणात नको, मैदानावर लाव. मला खो मिळाल्यावर काय होतं ते बघायचंय."

"तन्मय, त्या दिवशी मी..."

"तू थांबलीस ते बरोबर केलंस. तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आता बघू."

शनिवारी सकाळी रणजितने सगळ्या गड्यांना जमवलं. केतकी शाळेच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली. मुजावर सर रात्रीच्या एसटीने पुण्याहून आले होते आणि पँटवर धूळ घेत ओसरीच्या पायरीवरच टेकले होते. तन्मयच्या दोन्ही बाजूंना जाड गाद्या टाकल्या होत्या. रणजितला त्या आवडल्या नव्हत्या.

"हे काय, कुस्ती आहे का?" तो म्हणाला. "आणि ते कर्नल साहेब कुठे आहेत, ज्यांची चौकशी चालू आहे?"

"कर्नल नव्हे रे, कर्नेल," तन्मय म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी तो मोठ्याने हसला.

खो, आणि तन्मय सुटला. परत खो, परत सुटला. पाय धूळ उडवत गेले, त्याने खांबाला वळसा घातला, एक गडी बादही केला. पाचव्या-सहाव्या खोला तो गादीवर आदळला. उठला, परत बसला. ऊन चढेपर्यंत हे चाललं. तो चारदा थिजला. चौथ्यांदा पडल्यावर त्याने केतकीकडे पाहिलं आणि हाताने पुरे अशी खूण केली.

ओसरीवर येऊन त्याने अंगठा टेकवला. पडद्यावर दोन रेषा उमटल्या. वरची रेषा मेंदूतून आलेल्या आज्ञेची, खालची पायांना दिलेल्या स्पंदनांची. केतकीने पहिला थिजण्याचा क्षण मोठा केला.

खालची रेषा सपाट होती. वरच्या रेषेचा उंच डोंगर झाला होता.

केतकीने दुसरा क्षण उघडला. वर डोंगर, खाली सपाट. तिसरा उघडला. तिथेही तेच.

"हा डोंगर कसला?" तन्मयने विचारलं.

"हा तू," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "ही तुझी आज्ञा. पूर्ण ताकदीची. थाप पडल्याबरोबर निघालेली. तू दर वेळी उठला होतास, तन्मय. पायांना कुणी कळवलंच नाही."

मुजावर सर पडद्याच्या इतके जवळ आले की त्यांचं नाक काचेला लागायचं बाकी राहिलं. "आणि सेतूची स्वतःची नोंद काय म्हणते?"

केतकीने ती शेजारी लावली. आज्ञा: शून्य.

"खोटं बोलतेय," रणजित म्हणाला. त्याला रेषांतलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं होतं.

तन्मय बोटाने त्या डोंगराच्या कडेवरून हळूहळू वर गेला आणि खाली आला. मग म्हणाला, "चौथा दाखव."

केतकीने चौथा उघडला आणि तिचा हात थबकला. इथे वरची रेषाही सपाट होती. तिला वाटलं, हा नसता तर बरं झालं असतं. पण तिने पडदा झाकला नाही.

"इथे आज्ञा निघालेली नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. या वेळी मी खरंच घाबरलो होतो. खूप पडलो होतो ना तोवर. खो ऐकला आणि उठावंसंच वाटलं नाही." तो तिच्याकडे वळला. त्याचा चेहरा उजळला होता. "म्हणजे घाबरल्यावर कसं वाटतं ते मला कळतं, केतकी. बाकीच्या वेळी तसं वाटलंच नव्हतं. सगळे सांगत होते म्हणून मी मानत गेलो."

त्यानंतरचं काम सोपं नव्हतं, पण आता ते कुठे करायचं हे माहीत होतं. संध्याकाळपर्यंत केतकी आणि मुजावर सरांनी मागोव्याची टिपणं एकाखाली एक लावून सगळी साखळी जुळवली. सेतू तन्मयच्या खिशातल्या फोनशी कधी कधी बोलला, त्या वेळांपर्यंत आल्यावर मुजावर सरांनी कपाळाला हात लावला. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पायांच्या खिशात फोन कुठून असणार!

मंडळासमोर जायच्या दोन दिवस आधी व्यवस्थापनाचा निरोप आला. दुरुस्ती गुपचूप पाठवून द्यायची, मंडळाला 'सुधारणा केली आहे' एवढंच सांगायचं, मागोव्याची टिपणं बाहेर काढायची नाहीत. ती कंपनीची मालमत्ता आहे.

"मग कांबळे मॅडमच्या कागदावर भयस्तंभ तसाच राहणार," केतकी म्हणाली. "आणि तुझ्यासुद्धा. मी बोलले तर नोकरी जाईल. गेली तर गेली."

तन्मयने थोडा विचार केला. "टिपणात काय आहे? माझी आज्ञा कुठून निघाली आणि कुठे अडली. आज्ञा माझी. शरीरातल्या डेटाचा मालक कोण?"

"ते शरीर," केतकी म्हणाली.

"तू नको बोलूस," तो म्हणाला. "माझं मी दाखवतो."

पुण्याला मंडळाच्या दालनात कंपनीचे वकील पहिल्यांदा उठले, तेव्हा तन्मय मागच्या रांगेतून चालत पुढे आला. सेतू बसवलेला माणूस म्हणून आपल्या शरीरातला डेटा मांडायचा त्याचा हक्क अध्यक्षाबाईंनी मान्य केला. त्याने अंगठा टेकवला. दालनाच्या भिंतीवर डोंगर उभा राहिला.

"हे समजावून सांगायला मला माझी बायको लागेल," तो म्हणाला. "तिला परवानगी मी देतोय."

मुजावर सरांनी खालच्या आवाजात म्हटलं, "जा, केतकी. बाकीचं मी बघतो."

केतकी उभी राहिली. ती अध्यक्षाबाईंकडे वळली.

"मॅडम, लग्नघरात कोठीघराची किल्ली एकच असते असं समजा. आचाऱ्याला तूप हवंय, आत्ताच्या आत्ता. त्याचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. पण किल्ली घेऊन आत गेलाय तो डबे पुसणारा गडी. त्याला दोन मिनिटांत बाहेर यायचंय. तेवढ्यात एक पाहुणे दारात येतात आणि त्याला गप्पांत अडकवतात. पाहुण्यांपुढे गड्याचं काय चालणार? तो आत, किल्ली त्याच्या हातात, आचारी बाहेर ताटकळत. आचाऱ्याला मुद्दाम कुणीच अडवलेलं नाही. पण पंगत थांबली."

अध्यक्षाबाई किंचित पुढे झुकल्या.

"सेतूमध्ये कोठीघर म्हणजे आज्ञा जिथे ठेवतात तो स्मृतीचा कप्पा, आचारी म्हणजे पाऊल टाकणारं काम. गडी म्हणजे नोंद ठेवणारं काम, सगळ्यांत खालच्या पायरीचं. पाहुणे म्हणजे फोनशी बोलणारं काम, मधल्या पायरीचं. बसलेला माणूस एकदम उठला, आणि त्याच क्षणी फोन जागा झाला, की ही तिघं एकमेकांत अडकतात. अर्ध्या सेकंदाने सेतू स्वतःच ती गाठ तोडतो. पण तोवर माणूस पडलेला असतो. आणि गाठ सुटल्यावर नोंद ठेवणारं काम आधी कप्पा पुसतं, मग त्यात काय आहे ते बघतं. पुसलेल्या कप्प्यात शून्यच असणार. तेच ते लिहून ठेवतं. ज्याने आज्ञा अडवली, त्याचीच साक्ष आपण या माणसांविरुद्ध धरत होतो."

"आणि उपाय?"

"ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला, किल्ली परत देईपर्यंत, आचाऱ्याचा मान द्यायचा. मग पाहुणे त्याला अडवू शकत नाहीत. आणि पुसायच्या आधी वाचायचं. बदल लहानसाच आहे. तन्मयच्या सेतूत तो गेला आठवडाभर चालतोय. तन्मय एकदाही थिजला नाही."

दालनात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात डॉ. वैशंपायन उठले. वकिलांनी त्यांची बाही ओढली, पण ते बसले नाहीत.

"माझं निदान चुकलं," ते म्हणाले. "मी यंत्राला विचारलं आणि माणसाला विचारलं नाही. शिंगटे, तुमची माफी मागतो. कांबळेबाईंची मी स्वतः जाऊन मागेन."

सेतू बंद झाले नाहीत. दुरुस्ती सगळ्यांच्या पाठीत पोचली. मंडळाने आदेशात आणखी एक वाक्य घातलं: यापुढे प्रत्येक सेतुकऱ्याला आपल्या यंत्राचा माग स्वतः काढता आला पाहिजे, आणि त्याच्याविरुद्ध यंत्राची नोंद एकटी पुरेशी धरली जाणार नाही. कंपनीने आधी कुरकुर केली. मग, लोक तिच्यावर पूर्वीपेक्षा जास्त विश्वास ठेवू लागले हे दिसल्यावर, मागोवा हा आपलाच विचार असल्यासारखी ती त्याचं कौतुक करू लागली. केतकीची नोकरी शाबूत राहिली आणि मुजावर सर पुन्हा चहाच्या कपासकट कॉलवर दिसू लागले.

खुब्याचं हाड सांधल्यावर प्रमिला कांबळेंनी सगळ्या सेतुकऱ्यांना नांदेडला बोलावलं. लातूर, परभणी, हिंगोली, कुठून कुठून लोक आले. विजेवर चालणाऱ्या एसटीतून उतरून, पिशव्या खांद्याला लावून, सगळे गोदावरीच्या घाटावर जमले. वर लहान मुलं, बायका, नवरे, आई-वडील उभे होते. खाली नदीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या.

कांबळेबाईंनी पदर खोचला. तन्मयने पटकन पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

"सोडा, शिंगटे," त्या म्हणाल्या. "धरायची गरज असती तर मी घाटावर बोलावलं असतं का?"

त्याने हात सोडला. बाई एका पायरीवर बसल्या, सगळ्यांकडे बघून घेतलं, आणि झटक्यात उठून खाली निघाल्या. त्यांच्या पिशवीत फोन वाजत होता. त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही. मागून परभणीचा एक तरुण निघाला, मग एक वकीलबाई, मग सगळेच. कुणी गाणं म्हणत होतं, कुणी शेजारच्याला ढुशी देत होतं. वर उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघू लागल्या. तन्मय मध्येच दोन दोन पायऱ्या उड्या मारत गेला आणि केतकी वरून ओरडली, "अरे, हळू!" ते ओरडणंही तिला फार दिवसांनी करायला मिळालं होतं.

कांबळेबाई घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. केतकी उतरून त्यांच्याजवळ गेली, तसं त्यांनी विचारलं, "पाणी गार आहे का हो?"

केतकीला क्षणभर प्रश्न कळला नाही. मग कळला. तिने वाकून पाण्यात हात घातला.

"गार आहे, मॅडम. चांगलंच गार."

"मला कळत नाही ना. सेतू नुसताच खाली जातो." बाईंनी पाण्यात पाय हलवून लाटा उठवल्या आणि त्यांकडे हसून पाहिलं. "खाली जायचा रस्ता तुम्ही नीट केलात. आता वर यायच्या रस्त्याचं बघा."

तन्मय भिजलेल्या पँटनिशी शेजारी येऊन उभा राहिला. केतकीने ओला हात त्याच्या हातात दिला.

"बघते," ती म्हणाली.